आमदाराला सहा वर्षं, वॉचमनला जन्मभर

चौकात कोयता नाचवणाऱ्या पोरांना पोलिसांनी त्याच चौकातून लंगडत, हात जोडायला लावून फिरवलं की त्या व्हिडिओखाली शाबासकीचा पाऊस पडतो. सांगली असो, सातारा असो, मिरज असो नाहीतर कराड. ‘असंच पाहिजे’, ‘साहेब, अजून दोन हाणा’. हे व्हिडिओ माझ्याही मोबाइलवर येतात आणि माझं लक्ष पोरांच्या वयाकडे जातं. अठरा, एकोणीस, फार तर एकवीस. मिसरूडही नीट फुटलेलं नसतं. सरसकट बेड्या घालून माणसाला मिरवणं चूक आहे हे सर्वोच्च न्यायालयानं प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात १९८० सालीच सांगून ठेवलंय, पण तो वाद आज नको. मला एवढंच विचारायचं आहे की त्या व्हिडिओतलं पोरगं तीन-चार वर्षांनी सुटणार आहे. कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगातून बाहेर पडून ते एसटीनं मिरजेला उतरेल. पुढं कुठं जाईल?

मी वकिली करतो, विजयनगरच्या कोर्टात. आरोपींच्या बाजूनं उभा राहतो तसा फिर्यादींच्याही बाजूनं राहतो. त्यामुळे ‘गुन्हेगारांना गोंजारा’ असलं काही मी लिहिणार नाही. ज्यानं दुसऱ्याच्या पोराचा हात तोडला त्याला शिक्षा व्हावी, ती लवकर व्हावी आणि पूर्ण व्हावी. पण ‘पूर्ण’ झाल्यावर ती संपावीही. आपल्याकडे ती संपत नाही. तुरुंगातली शिक्षा न्यायाधीश देतात आणि तिला तारीख असते. सुटल्यावरची शिक्षा कुणीच दिलेली नसते, म्हणून ती माफ करायचा अधिकारही कुणाकडे नसतो.

आमच्या भागाला शिक्षा डोळ्यांनी दिसावी लागते, हे कबूल केलं पाहिजे. १९४३ ते ४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. त्यांनी गावगुंडांना, खबऱ्यांना आणि दरोडेखोरांना तळपायावर फटके दिले. त्याचं कौतुक आजही पारावर चालतं. तेव्हा ते बरोबरच होतं, कारण इंग्रजांची कोर्टं आपली नव्हती. तुरुंग फोडणं हासुद्धा आमच्याकडे पराक्रम आहे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, आणि तेच वसंतदादा पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. स्वातंत्र्यसैनिकाची आणि चाकू चालवणाऱ्या पोराची बरोबरी मी करत नाही, कुणी तसं समजू नये. सांगायचं ते एवढंच की तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला हा जिल्हा सरसकट वाळीत टाकत नाही. निवडून टाकतो.

निवड कशी होते ते बघा. वाळवा तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. त्यांच्या नावावर खून होते, एक-दोन नव्हे. कित्येक वर्षं ते फरार होते, लोकांनी त्यांना उसात लपवलं, भाकरी पोचवली. जन्मठेप झाली, ती भोगून ते परत आले, माळकरी झाले, व्यसनं सोडा म्हणून गावोगाव सांगत हिंडले. लोक त्यांना ‘आप्पा’ म्हणायचे आणि पायाला हात लावायचे. २०१८ साली ते गेले तेव्हा हळहळणारे हजारो होते. त्यांच्यावरचे पोवाडे कॅसेटवर ऐकत आमची पिढी मोठी झाली. याचा अर्थ, खून केलेला माणूस सुधारू शकतो यावर वाळवा-शिराळ्यातल्या माणसाचा विश्वास आहे. फक्त त्या माणसाची गोष्ट मोठी असावी लागते. बायाबापड्यांच्या अब्रूसाठी हत्यार उचललं असं सांगता यावं लागतं. ज्याची गोष्ट गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर नाचण्यावरून झालेल्या भांडणाएवढीच लहान आहे, त्याच्यावर कोण पोवाडा लिहिणार?

अशाच एका पोराचं सांगतो. नाव नको, गावही नको. मिरजेच्या आसपासचं म्हणा. विसर्जनाची रात्र, दोन मंडळं, पुढं कोण यावरून बाचाबाची. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा. हातात लोखंडी गज आला. समोरच्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. भारतीय दंड संहितेचं कलम ३२६, म्हणजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत, लागलं, तीन वर्षं सक्तमजुरी झाली. त्यानं ती भोगली. आत सुतारकाम शिकला, आणि चांगलं शिकला. शिकल्याचा कागदही मिळाला. पण त्या कागदाच्या माथ्यावर तुरुंगाचं नाव आहे, त्यामुळे तो कुठल्याही फर्निचरवाल्याला दाखवता येत नाही. मग कुणीतरी सांगितलं की कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळीला वॉचमन हवेत. एजन्सीचा फॉर्म घेऊन तो माझ्याकडे आला. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय / नाही’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “काका, होय लिवलं तर काम नाही, नाही लिवलं तर फसवणूक. काय लिवू सांगा की.”

मी त्याला ‘होय’ लिहायला सांगितलं. काम मिळालं नाही. वकील म्हणून मला दुसरं काही सांगता येत नव्हतं. आता तो हळदीच्या पॉलिशच्या कारखान्यात हजेरीवर जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम चालू झाला की अशी कामं निघतात आणि तिथं कुणी कागद विचारत नाही. संध्याकाळी भेटला तर पापण्यांच्या केसांवरसुद्धा पिवळी पूड असते. नखांतली निघतच नाही. हंगाम सरला की पुन्हा घरी.

आता कायदा बघू. हे पोरगं गुन्ह्याच्या रात्री एकोणीसच्या ऐवजी सतराचं असतं तर? २०१५ चा बाल न्याय कायदा लागला असता. त्या कायद्यात ‘नव्यानं सुरुवात’ हे तत्त्व कलम ३ मध्येच लिहून ठेवलंय. कलम २४ म्हणतं की दोषी ठरलेल्या बालकाला त्या निकालामुळे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ठरलेल्या काळानंतर नोंदी नष्ट करायच्या. कलम ७४ त्याहून पुढं जातं. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. अपवाद आहे. सोळा ते अठरा वयोगटात फार गंभीर गुन्हा केला आणि प्रौढ म्हणून खटला चालून बाल न्यायालयानं दोषी धरलं, तर ही सवलत नाही. पण मुद्दा राहतोच. अठरा पुरे व्हायला एक दिवस कमी असताना गज उचलला तर कायदा म्हणतो, विसरू. एक दिवस जास्त झाला तर म्हणतो, मरेपर्यंत लक्षात ठेवू. एका दिवसात पोराच्या डोक्यात असा काय फरक पडतो?

आपल्या जुन्या कायद्यांना हे कळत होतं, ही गंमत आहे. १९२९ चा मुंबई बोर्स्टल शाळा कायदा सोळा ते एकवीसच्या पोरांना मोठ्या कैद्यांपासून वेगळं ठेवून शिकवायचं म्हणून केला होता. १९५८ चा परिविक्षा कायदा तर स्पष्ट सांगतो की एकवीसच्या आतल्या आरोपीला शक्यतो तुरुंगात पाठवू नका आणि पाठवायचंच असेल तर न्यायाधीशानं कारणं लिहावीत. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नाही. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे त्याला ही सोय नाही, आणि ३२६ ला ती तरतूद आहे. शिवाय जिथं सोय आहे तिथंही किती वकील तो अर्ज देतात? माझ्या बिरादरीला हे बोचेल, बोचू दे.

म्हणजे एकवीसपर्यंतचं पोरगं घडत असतं, हे आपल्याला शिक्षा देताना कळतं. शिक्षा संपल्यावर मात्र आपण ते विसरतो.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. शिक्षा झालेल्या प्रौढ माणसाला ठरावीक काळानंतर मोकळं करणारा कायदा आपल्या देशात अजिबात नाही, असं नाही. एक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८. एखाद्या नेत्याला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की तो अपात्र ठरतो. किती काळ? शिक्षा संपून सुटका झाल्यावर सहा वर्षं. सातव्या वर्षी तो पुन्हा आमदारकीचा, खासदारकीचा अर्ज भरू शकतो, मंत्रीही होऊ शकतो. कायदे करायच्या सभागृहात बसण्यासाठी सहा वर्षांची स्वच्छता पुरते.

याच्याशेजारी दुसरा कायदा ठेवा. खासगी सुरक्षा एजन्सींचं नियमन करणारा, २००५ चा. त्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की न्यायालयानं दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेता येणार नाही. गुन्हा कुठला, शिक्षा किती, वय किती, सुटून किती वर्षं झाली, काही नाही. मुदतच नाही. म्हणजे माझ्याकडे फॉर्म घेऊन आलेल्या पोरानं उद्या सहा वर्षं सरळ काढली तर तो विधानसभेला उभा राहू शकतो. पण त्याच विधानसभेच्या सदस्याच्या कारखान्याच्या गेटवर तो एजन्सीमार्फत काठी घेऊन बसू शकत नाही. ज्यांनी हे कायदे केले त्यांनी स्वतःसाठी मुदत लिहिली आणि वॉचमनसाठी लिहायची राहून गेली. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. विसरले असतील. गरिबाचं विसरायला सोपं जातं.

बाकीच्या कामांचं यापेक्षा फार बरं नाही. प्रवासी रिक्षाचा बॅज काढायला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. डिलिव्हरीच्या कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. कोर्टाच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नाव टाकलं की खटल्यांची यादी निघते, सुटलेल्याचीही आणि शिक्षा झालेल्याचीही. सरकारी नोकरीत गुन्हा लपवला तर नोकरी जाते आणि सांगितला तर मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये संदीप कुमार प्रकरणात तरुण वयातल्या चुकांकडे समजुतीनं बघा असं सांगितलं. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तपशीलवार कसोट्या घालून दिल्या आणि किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नोकरी देणारा आपल्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो असंही म्हटलं. चांगलं आहे. पण पोलीस भरतीला गेलेलं पोरगं दिल्लीपर्यंत खटला लढवील तेव्हाच त्याला ही समजूत मिळणार असेल, तर ती हळदीच्या कारखान्यातल्या पोरासाठी नाही.

इंग्लंडनं १९७४ मध्ये यासाठी कायदा केला. शिक्षा भोगल्यावर ठरावीक वर्षं नवा गुन्हा न करता काढली तर ती जुनी शिक्षा बहुतेक कामांसाठी सांगावी लागत नाही. लहान मुलांबरोबरची कामं वगैरे वेगळी ठेवली आहेत. कायद्याची पुस्तकं आपण त्यांच्याकडून घेतली, हे पान तेवढं घेतलं नाही.

इथं लोक मला अडवतात. म्हणतात, वकीलसाहेब, ही पोरं सुधारत नसतात. सुटली की परत त्याच टोळीत. खरं आहे, पुष्कळशी जातात. पण का जातात ते कोर्टाच्या आवारात बसून बघा. पोराला जामीन मंजूर होतो, जामीनदार मिळत नाही. जामीनदार म्हणजे ऐपत असलेला माणूस. त्याचा सातबारा लागतो, घराचा उतारा लागतो, त्यानं कोर्टात येऊन अंगठा उठवायला लागतो. बाप बांधकामावर जाणारा, आई धुणीभांडी करणारी. सख्खा चुलता म्हणतो, मला माझी पोरगी उजवायची आहे, मी त्या भानगडीत नाही. आदेश हातात असून पोरगं आतच. देशातल्या तुरुंगांत चारपैकी तीन जण कच्चे कैदी असतात, त्यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट ही अशी. मग एक दिवस एक पांढरी गाडी येते. कुणीतरी ‘दादा’ येतो, सातबारावाला जामीनदार सोबत आणतो, वकिलाची फी टेबलावर ठेवतो, आणि पोरगं संध्याकाळी बाहेर. त्या रात्रीपासून ते कुणाचं झालं? ज्यानं सोडवलं त्याचं. हे कर्ज पैशानं फिटत नाही, ते फिटतं दादाचा निरोप आल्यावर जिथं सांगेल तिथं जाऊन. दादाच्या आधी सरकारनं जामीनदार उभा केला असता तर?

आता तशी सोय थोडीफार आली आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत ठरली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं, जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे सोडून. हे सगळं कागदावर उत्तम आहे. तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईला यातलं एकही वाक्य कुणी सांगितलेलं नसतं. दादाचा नंबर मात्र तिला कुणीतरी दिलेला असतो.

टोळ्या कडक कायद्यानं मोडतात असा एक समज आहे. संघटित गुन्हेगारीसाठीचा मोक्का लावा, तडीपार करा, घातक गुंडांसाठीच्या एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्ध करा. म्होरक्यांसाठी हे हवं, मी विरोध करत नाही. पण एकोणीस वर्षांच्या पोराला दोन जिल्ह्यांतून तडीपार करणं म्हणजे काय? त्याच्या आईची भाकर, मित्राचं गॅरेज, ओळखीचा ठेकेदार, जे काही त्याला सरळ ठेवू शकलं असतं ते सगळं याच जिल्ह्यात असतं. पुण्यात नाहीतर सोलापुरात त्याला झोपायला जागा कोण देणार? दादाचाच कुणीतरी माणूस.

आता आटपाडीला चला. सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचा हा दुष्काळी तालुका पूर्वी औंध संस्थानात होता. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात येतं, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांनी यावर हक्क सांगायला हरकत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांमुळे लोकांना ते माहीत आहेत, पण त्यांचं याहून मोठं काम म्हणजे त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच काळात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर तिथं आला होता, गांधीजींच्या माणसांत तो भारतानंद म्हणून ओळखला जाई. यांच्या डोक्यातून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंत नसलेला तुरुंग. कैद्यांनी बायकापोरांसह राहायचं, शेती कसायची, पिकवायचं, खायचं. संस्थानातला शिक्षेचा कैदी उघड्या माळावर बायकोच्या हातची भाकरी खात होता आणि पळून जात नव्हता. या वसाहतीवरून पुढं हिंदी सिनेमा निघाला, तो जगभर गाजला. वसाहत आजही आहे, राज्याच्या कारागृह विभागाकडे.

स्वतंत्रपूरचं कौतुक सगळेच करतात, मीही केलं. पण आता जरा उलट बोलतो. त्या वसाहतीत कोण जातं? प्रामुख्यानं लांब शिक्षेचे, बरीच वर्षं आत काढलेले, वर्तणूक तपासून निवडलेले कैदी. तेही मोजके. तीन वर्षांची शिक्षा झालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराचा नंबर तिथं लागतच नाही, लागेपर्यंत त्याची शिक्षा संपते. म्हणजे ज्याला मोकळ्या हवेतल्या तुरुंगाची सर्वांत जास्त गरज, तो भरलेल्या बराकीत सराईतांच्या शेजारी झोपतो. शेजार काय शिकवतो हे सांगायला नको. राजानं एवढ्याशा संस्थानात, पाण्याची ओढ असलेल्या माळावर, स्वातंत्र्याच्याही आधी जे करून दाखवलं ते आपण पुढं का वाढवलं नाही? टेंभूचं पाणी आता आटपाडीला आलंय, डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत, कामाला मजूर मिळत नाही म्हणून बागायतदार रडतात. तरुण, पहिल्याच गुन्ह्याच्या, कमी शिक्षेच्या कैद्यांसाठी दुसरं स्वतंत्रपूर उभारायला यापेक्षा वेगळी कुठली जागा शोधायची? आणि रोजंदारी बाजारभावानं द्यावी, त्यातला एक वाटा ज्याला इजा झाली त्याच्या घरी जावा.

हो, ज्याला इजा झाली त्याचं. हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि सुधारणेची भाषा बोलणारे बहुतेक जण त्याला वळसा घालून जातात. ज्याची बोटं वळत नाहीत तो मुलगा त्याच गावात राहतो. त्याला स्क्रू आवळता येत नाही, म्हणून त्याचंही वायरमनचं काम सुटलं. त्याच्या आईनं मला एकदा बसस्टँडवर गाठलं. म्हणाली, “त्येला काम पायजे म्हणून हिंडताय, माझ्या पोराचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती बरोबर बोलत होती. नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्या हातात काही पडलेलं नाही. तिनं माफ करावं असं मी कधीही म्हणणार नाही, कुठल्याही कायद्यानं तिच्याकडून ते मागू नये. पण तिच्या पोराची भरपाई कुठून येणार? कमावणाऱ्या माणसाच्या खिशातूनच येऊ शकते. आरोपी जन्मभर बेकार राहिला तर तिला एक रुपया मिळत नाही, फक्त तो आपल्यासारखाच भोगतोय एवढं समाधान मिळतं. ते समाधान खोटं आहे असंही मी म्हणत नाही. पण त्यावर घर चालत नाही.

सरकार आणि कायदा काही करत नाही तोवर लोक आपापली वाट काढतातच. खानापूर-आटपाडी-तासगावकडची गलाईची मंडळी वाचकांना माहीत असतील. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. या धंद्यात पोरगं कामाला जातं ते मामाच्या, चुलत्याच्या शब्दावर. मी असं पाहिलंय की गावात काही भानगड केलेलं, आत जाऊन आलेलं पोरगं मामानं गुपचूप परमुलखात नेलं, भट्टीवर बसवलं, आणि त्याचा संसार झाला. समोर सोनं वितळतंय आणि पोरावर चोरीची केस होती, तरी मामानं नेलं! चारित्र्याचा दाखला कुणी मागितला नाही. मामाचा शब्द हाच दाखला. पोरं सुधारत नसतात म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे.

पण ज्याला असा मामा नाही त्यानं काय करायचं? पारध्याच्या पोराला, वडाराच्या, कैकाड्याच्या पोराला भट्टीवर नेणारं कोण आहे? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि ते विमुक्त झाले. कायदा गेला, सवय गेली नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या वस्तीवर जाते हे विचारायची गरज नाही. त्या वस्तीतल्या पोरावर खरोखरच एक गुन्हा शाबीत झाला, तर त्याच्या शिक्षेला शेवट कुठला? उच्च जातीतल्या, बागायती घरातल्या पोराची भानगड नातेवाइकांत जिरते. ज्याचे नातेवाईक स्वतःच पोलिसांच्या यादीत आहेत त्याची कुठं जिरणार? म्हणून हे काम मामांवर सोडून चालणार नाही, ते कायद्यानंच करायला हवं.

माझी मागणी लहान आहे. गुन्हा घडला तेव्हा वय एकवीसच्या आत, पहिलीच दोषसिद्धी, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. खून, लैंगिक अत्याचार, संघटित गुन्हेगारी यातलं काही नाही. सुटल्यावर सहा वर्षं नवा गुन्हा शाबीत झाला नाही, आणि कोर्टानं सांगितलेली भरपाई दिलेली आहे. अशा माणसाच्या चारित्र्याच्या दाखल्यावर ती शिक्षा येऊ नये, नोकरी देणाऱ्यानं ती विचारू नये, ई-कोर्ट्सच्या शोधात त्याचं नाव दिसू नये. पोलिसांनी आणि कोर्टांनी आपल्या दप्तरी नोंद जरूर ठेवावी. पुन्हा गुन्हा केला तर ती उघडावी. पोलीस दल, लहान मुलांच्या संस्था, यांना वेगळा नियम ठेवा. सहा वर्षं हा आकडा माझा नाही, संसदेनं आपल्या सदस्यांसाठी ठरवलेला आहे. सुरक्षारक्षकांच्या कायद्यातल्या कलम १० मध्ये तेवढी एक ओळ घालायला फार मोठी चर्चा लागू नये.

तो कायदा होईल तेव्हा होईल. जे मुंबईत किंवा जिल्ह्यातच करता येईल असं बरंच आहे. चारित्र्याचा दाखला राज्याचे पोलीस देतात, त्यात किती जुनं आणि कुठलं लिहायचं हे शासन निर्णयानं ठरवता येईल. तुरुंगात दिलेल्या प्रशिक्षणाचा कागद नेहमी आयटीआयच्या नावानं द्या. राज्य सहकारी बँकेनं २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना काढली, कैद्याला आतल्या मजुरीवर पन्नास हजारांपर्यंत कर्ज. आमच्या जिल्ह्यांतल्या सहकारी बँका आणि पतसंस्था सुटलेल्या पोराला सुताराची हत्यारं घ्यायला त्याच्या निम्मं तरी देऊ शकतील. हातमागावर, सुतारकामावर, बेकरीवर शिकलेली माणसं तुरुंगातून बाहेर पडतात. कळंब्याच्या कैद्यांनी वळलेले लाडू काही वर्षं अंबाबाईचा प्रसाद म्हणून भाविकांनी डोळे मिटून खाल्ले, मग त्याच हातांना बाहेर आल्यावर काम द्यायला अडचण कसली?

राहिली एक यादी, नावावर गुन्हा असलेल्यांची, पोलीस ठाण्यातली. गणपती जवळ आले, निवडणूक जवळ आली की पोलीस ठाण्यातून माझ्या त्या हळदीवाल्या पोराला बोलावणं येतं. पूर्वी जुन्या प्रक्रिया संहितेची कलमं १०७ आणि ११० म्हणायचे, आता नव्या संहितेत १२६ आणि १२९. तहसीलदारांसमोर उभं राहायचं, चांगल्या वागणुकीचा बाँड द्यायचा, पुन्हा जामीनदार शोधायचा, दोन-तीन दिवसांची हजेरी बुडवायची. कारखान्याच्या मालकाला सुट्टीचं कारण काय सांगायचं, हा त्याचा दरवर्षीचा प्रश्न. सुटून आल्यापासून त्यानं मिरवणुकीत पाऊल टाकलेलं नाही, त्या रात्री तो घराची कडी लावून बसतो. तरी नाव यादीत आहेच. यादीत नाव चढायला एक गुन्हा पुरतो. ते उतरवायचं कधी आणि कुणाच्या सहीनं, हे मी निरनिराळ्या ठाण्यांत विचारून पाहिलं. कुणी म्हणतं वरून येतं, कुणी म्हणतं साहेब बदलले की बघू. सरळ उत्तर कुठंच नाही. पोलीस अधीक्षकांनी ही यादी दरवर्षी गणपतीच्या दोन महिने आधी तपासावी, सुटून इतकी वर्षं झाली आणि नवा गुन्हा नाही अशांची नावं कमी करावीत, आणि ज्याचं नाव आहे त्याला ते कमी करा म्हणून अर्ज करायची सोय असावी. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक लागतं. ते निघालं तर पहिला अर्ज मी लिहून देईन, आणि त्याची फी घेणार नाही.